सशाला आणि गिनी पिगला पालेभाजी कशी द्यायची: मंडईपासून लेंड्यांपर्यंत

घरात ससा किंवा गिनी पिग आला की पहिल्याच आठवड्यात प्रश्न पडतो की याला खायला काय घालायचं, आणि उत्तरं मिळतात ती एकदम दोन टोकांची. दुकानदार म्हणतो शाकाहारी प्राणी आहे, कुठलीही पालेभाजी घाला, सगळं खातो. मग आपण मोबाइलवर शोधतो तर तिथे पालक म्हणजे विष, कोबीने पोट फुगतं, मेथीने मुतखडा होतो, कोथिंबिरीने जुलाब लागतात, असं इतकं काय काय दिसतं की माणूस घाबरून जातो आणि त्या बिचाऱ्या जनावराला नुसत्या पेलेटवर, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या तयार खाद्याच्या गोळ्यांवर ठेवतो. मला या दोन्ही सल्ल्यांचा मनापासून राग येतो, कारण दोन्हीत त्या प्राण्याच्या पोटाचा विचारच नाहीये. आपल्या मंडईत मिळणाऱ्या बऱ्याच पालेभाज्या या प्राण्यांना चालतात, काही थोड्या द्याव्या लागतात, काही अजिबात नाही, आणि हे सगळं पोटात काय होतं ते एकदा समजलं की आपोआप लक्षात राहतं, यादी पाठ करावी लागत नाही.

आधी एक सांगते, हा लेख ससा आणि गिनी पिग यांच्यासाठी आहे. हॅमस्टर पिंजऱ्यातला छोटा प्राणी असला तरी तो दाणे, किडे असं सगळं खाणारा आहे, त्याचं गणित वेगळं. आणि ससा म्हणजे पाळीव ससा, जो मूळचा युरोपातला. शेतात दिसणारा आपला रानससा वेगळाच प्राणी आहे आणि तो पकडून पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे कुणी शेतातून पिल्लू आणून दिलं तर कृपया ठेवून घेऊ नका.

पोटात नेमकं काय चालतं

गाय, शेळी यांच्या पोटात चारा सगळ्यात आधी एका मोठ्या कप्प्यात जातो, तिथले जिवाणू तो कुजवतात, फोडतात आणि मग पुढचं पचन होतं. सशात आणि गिनी पिगमध्ये हे उलटं आहे. आधी जठर, मग लहान आतडं, आणि जिवाणूंची पिशवी सगळ्यात शेवटी, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला. तिला सीकम म्हणतात आणि सशाच्या पोटातली बरीचशी जागा या एका पिशवीनेच व्यापलेली असते. मोठं आतडं इथे एक भारी काम करतं, ते चाऱ्यातले जाड तंतू वेगळे काढतं आणि ते कडक गोल लेंड्या होऊन लगेच बाहेर पडतात, आणि बारीक कण आणि पाणी मात्र मागे सीकममध्ये ढकललं जातं. तिथे जिवाणू त्याच्यावर काम करतात, प्रथिनं आणि बी गटाची जीवनसत्त्वं तयार होतात, पण अडचण अशी की ती शोषून घेणारं लहान आतडं तर मागेच राहिलं. म्हणून ससा काय करतो तर सीकममधून येणाऱ्या मऊ, चकचकीत, एकमेकींना चिकटलेल्या लेंड्या थेट तोंडाने घेऊन परत गिळतो, बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे. गिनी पिगही असंच करतो. पहिल्यांदा बघितलं की लोकांना किळस येते, कुणी कुणी तर त्याला ओरडतात, पण हे त्याचं दुसरं जेवण आहे, त्याला करू द्या.

आता या सगळ्याचा भाजीशी संबंध काय, तर सीकममध्ये कुठले जिवाणू राहतात हे तो रोज काय खातो त्यावर ठरतं. रोज गवत आणि पाला खाणाऱ्या सशाच्या पोटात गवत पचवणारे जिवाणू भरपूर असतात. एकदम नवीन काहीतरी मोठ्या प्रमाणात आलं, विशेषतः साखर किंवा पिठूळ पदार्थ, म्हणजे केळं, बिस्किट, चपाती, भात, गूळ, तर त्यांच्यावर जगणारे वाईट जिवाणू झपाट्याने वाढतात, गॅस होतो, कधी कधी त्यांचं विष रक्तात जातं. आणि या दोन्ही प्राण्यांना उलटी करता येत नाही. जे गेलं ते पूर्ण आतड्यातूनच बाहेर पडणार. म्हणून माझं म्हणणं असं की कुठली भाजी द्यावी हा दुसरा प्रश्न झाला, पहिला प्रश्न आहे की किती हळूहळू दिली आणि सोबत गवत पुरेसं होतं का.

शेळी खाते म्हणून सशाला चालेल असं समजणं किती धोक्याचं आहे याचं एक उदाहरण आपल्या अवतीभवतीच आहे, सुबाभूळ. गावाकडे शेळ्यांना सुबाभळीचा पाला सर्रास घालतात. त्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना सुबाभूळ जास्त झाली की त्रास व्हायचा, आणि हवाईमधल्या शेळ्या मात्र तोच पाला मजेत खायच्या, तर रेमंड जोन्स नावाच्या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात दाखवून दिलं की फरक शेळ्यांत नाही, त्यांच्या पोटातल्या जिवाणूंत आहे. हवाईतल्या शेळ्यांच्या पोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडले आणि त्यांनाही तो पाला पचायला लागला. पण शेळीत जिवाणूंचा कप्पा आधी येतो, विष तिथेच मोडलं जातं. सशात जिवाणू शेवटी, म्हणजे ते तिथवर पोचायच्या आधीच लहान आतड्यातून विष रक्तात गेलेलं असतं. सुबाभूळ खाणाऱ्या सशांचे केस गळतात, वाढ खुंटते. म्हणून गावाकडून कुणी प्रेमाने सुबाभळीचा भारा आणला तरी तो शेळीलाच घाला.

गवत आधी, भाजी नंतर

हे न सांगता भाजीबद्दल बोलणं बरोबर नाही. सशाच्या आणि गिनी पिगच्या खाण्यात ८० टक्क्यांच्या वर गवत पाहिजे, आणि ते चोवीस तास समोर पाहिजे. पालेभाजीत ८५ ते ९० टक्के पाणी असतं, म्हणजे १०० ग्रॅम कोथिंबीर दिली तरी त्यातला खरा चारा १०-१५ ग्रॅमच, तेवढंच सुकं गवत दिलं तर साधारण ९० ग्रॅम. शिवाय दात. सशाला २८ आणि गिनी पिगला २० दात असतात आणि ते सगळेच्या सगळे, दाढांसकट, जन्मभर वाढत राहतात. ते झिजतात ते गवत दाढांखाली आडवं घासून घासून चावल्याने. पालक दोनदा चावला की संपला, त्याने काही झीज होत नाही. मग दाढांना टोकं येतात, जीभ आणि गाल सोलतात आणि जनावर खायचं बंद करतं, आणि मालक म्हणतो अहो काल तर भाजी खाल्ली होती.

टिमोथी हे सशांना घालायचं विलायती सुकं गवत बाहेरून येतं आणि महाग पडतं, सगळ्यांना परवडेल असं नाही हे मलाही माहीत आहे. आपल्याकडे दूर्वा, म्हणजे हरळी, हा त्याला अगदी चांगला पर्याय आहे, ताजी पण चालते आणि सावलीत सुकवून पण चालते. गणपतीच्या दिवसांत बाजारात ढिगाने मिळते तेव्हा घेऊन सुकवून ठेवता येते, फक्त देवाला वाहिलेली, हळदकुंकू गुलाल लागलेली दूर्वा देऊ नका, आणि सोसायटीच्या लॉनवरचं किंवा रस्त्याच्या कडेचं गवत पण नको कारण तिथे औषध फवारलेलं असतं, कुत्री फिरतात. ओटचं सुकं गवत मिळालं तर उत्तम. भाताचा पेंढा आणि गव्हाचं काड खाली अंथरायला ठीक, त्यात पोषण फार कमी. लसूणघास मात्र वेगळा, नावात लसूण असला तरी त्याचा लसणीशी संबंध नाही, विलायती लोक त्यालाच अल्फाल्फा म्हणतात. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर, वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला चांगला, पण मोठ्या झालेल्या सशाला रोजचा मुख्य चारा म्हणून नको.

नवीन भाजी सुरू करताना

सशाचं पिल्लू साधारण तीन महिन्यांचं होईपर्यंत मी पालेभाजीची घाई करत नाही, गवत आणि थोडे पेलेट यावरच ठेवते. त्याच्या पोटातले जिवाणू अजून बसत असतात आणि याच वयात जुलाबाने पिल्लं पटकन जातात. गिनी पिगची पिल्लं मात्र जन्मल्यापासून दोनेक दिवसांत आईच्या बाजूला बसून पाला कुरतडायला लागतात, आई जे खात आली तेच ती खातात, तिथे तेवढी भीती नाही.

एका वेळी एकच नवीन भाजी. पहिल्या दिवशी दोन-तीन काड्या, बस. दुसऱ्या दिवशी लेंड्या बघायच्या. ठीक असतील तर थोडं वाढवायचं, आणि तीन-चार दिवस सगळं नीट गेलं की ती भाजी पास झाली, मग पुढची. दुकानातून किंवा दुसऱ्याच्या घरून नवीन आणलेला प्राणी असेल तर तो आधी काय खात होता ते विचारून घ्या आणि पहिले काही दिवस तेच चालू ठेवा, भले ते तुम्हाला पसंत नसेल, मग हळूहळू बदला. लोक नेमकं उलट करतात, पहिल्याच दिवशी लाड म्हणून ताटभर पाच प्रकारच्या भाज्या, मग पोट बिघडतं, आणि त्यातल्या कुठल्या भाजीने बिघडलं ते कळायलाही मार्ग नाही, मग सगळ्याच भाज्या बंद.

कॅल्शियम, ऑक्झॅलेट आणि मुतखड्याची भीती

इथे जरा थांबून नीट सांगते कारण सगळ्यात जास्त गोंधळ याच विषयात आहे.

माणसात किंवा कुत्र्या-मांजरात अन्नातलं कॅल्शियम गरजेपुरतं शोषलं जातं, उरलेलं विष्ठेतून जातं. सशाचं तसं नाही, तो खाण्यात जेवढं कॅल्शियम येईल त्यातलं बरंचसं रक्तात घेतो आणि जास्तीचं लघवीतून बाहेर टाकतो. बाकीच्या बहुतेक प्राण्यांत लघवीवाटे जाणारं कॅल्शियम दोन टक्क्यांच्या आत असतं, सशात ते निम्म्याच्या आसपास जातं. म्हणून त्याची लघवी गढूळ दिसते आणि वाळली की फरशीवर पांढरी भुकटी राहते, हे नॉर्मल आहे. काळजी कधी करायची, तर लघवी जाड, चिकट व्हायला लागली, बोटाला वाळूसारखे कण लागले, किंवा तो लघवीला बसून कुंथतोय असं दिसलं तर. लाल-नारिंगी लघवी बघून पण लोक फार घाबरतात, ती बरेचदा झाडपाल्यातल्या रंगद्रव्यांमुळे येते आणि एकदोन दिवसात जाते. सगळी लघवी एकसारखी रंगीत असेल तर बहुधा रंग, आणि नेहमीच्या लघवीत मध्येच लाल ठिपके किंवा गुठळी दिसली तर रक्त असू शकतं, मग डॉक्टर.

आता भाज्या. मेथी, शेपू, शेवग्याचा पाला, माठ, मुळ्याचा पाला, पुदिना, फ्लॉवरचा पाला यांच्यात कॅल्शियम चांगलंच असतं. म्हणून त्या वाईट नाहीत, फक्त रोज ढीगभर त्याच नकोत. लेट्यूस, कोबी, ढोबळी मिरची यांत कमी. आणि ऑक्झॅलेट म्हणजे ऑक्झॅलिक आम्लाचे क्षार, ते पालक, माठ, राजगिरा, चाकवत, घोळ, चुका आणि बीटच्या पाल्यात जास्त असतात. पालकाची भाजी खाल्ल्यावर दातांवर जो खरखरीतपणा येतो तो त्याचाच. हे रोज मोठ्या प्रमाणात गेलं तर कॅल्शियमला बांधून ठेवतं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. म्हणून या भाज्या आठवड्यातून एकदा-दोनदा, आणि तेव्हाही ताटातला छोटा भाग. दोन पालकाची पानं खाल्ली म्हणून ससा मरत नाही, तसले मेसेज वाचून रात्री झोप उडवून घेऊ नका.

आणि हे पण सांगायला हवं की सशात आणि गिनी पिगमध्ये सापडणारे खडे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि त्याला नुसती भाजी कारण नसते. मोठ्या वयातही वाटीभर पेलेट आणि लसूणघास रोज, पिंजऱ्यात दिवसभर बसून राहणं, पाणी कमी पिणं, लठ्ठपणा, हे सगळं मिळून खडे होतात. उलट ताजी ओली भाजी पोटात पाणीच घेऊन जाते. सशाला किलोमागे दिवसाला साधारण ५० ते १०० मिली पाणी लागतं, आणि मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे जेव्हा जनावर गरमीने पाण्याच्या बाटलीकडेही जात नाही तेव्हा धुतलेली, पाणी निथळत असलेली कोथिंबीर फार उपयोगाची असते. खड्याच्या भीतीने भाजी पूर्ण बंद करणारे लोक बघितले की म्हणूनच वाईट वाटतं.

गिनी पिगला क जीवनसत्त्व बाहेरून लागतंच

ससा आपलं क जीवनसत्त्व स्वतः बनवतो. गिनी पिगला ते जमत नाही, माणसासारखंच, त्याच्या शरीरात त्यासाठी लागणारं एक एन्झाइम नाही. हे कळलं तेही गंमतशीर रीतीने. १९०७ साली नॉर्वेत ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक हे दोघं जहाजावरच्या खलाशांना होणाऱ्या आजारावर काम करत होते, त्यांनी गिनी पिगना नुसतं धान्य आणि पाव खायला घातलं आणि त्यांना चक्क स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार झाला. तोवर हा आजार फक्त माणसालाच होतो असं समजत होते. त्यांनी उंदीर वापरले असते तर काहीच दिसलं नसतं, कारण उंदीर हे जीवनसत्त्व बनवतो.

म्हणजे नुसत्या गहू-बाजरीवर किंवा जुन्या पेलेटवर ठेवलेला गिनी पिग हा तोच प्रयोग आपण घरात परत करतोय. काही आठवड्यांत केस राठ होतात, तो चालायला कुरकुरतो, सांधे दुखतात, उचलला की ओरडतो, हिरड्यांतून रक्त येतं, आणि लोकांना वाटतं पडला असेल कुठेतरी. प्रौढ गिनी पिगला वजनाच्या किलोमागे दिवसाला १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पाहिजे, गाभण असेल तर वरच्या टोकाचं. हिरव्या ढोबळी मिरचीत १०० ग्रॅममागे साधारण ८० मिलिग्रॅम असतं, म्हणजे रोज दोन-तीन लांब फोडी, २५-३० ग्रॅम, एवढ्यात एका गिनी पिगचं काम भागतं. लाल ढोबळीत आणखी जास्त पण ती गोड असते. देठ आणि बिया काढून द्या. शेवग्याच्या पाल्यात आणि कोथिंबिरीत पण बऱ्यापैकी असतं. पाण्यात थेंब टाकायचे ते औषध मिळतं त्याच्यावर माझा भरवसा नाही, उजेडात आणि पाण्यात ते पटकन खराब होतं आणि चव बदलली म्हणून जनावर पाणीच कमी पितं. आणि गोणीतून सुट्टे विकतात ते पेलेट कधी बनले ते कुणालाच ठाऊक नसतं, त्यातलं क जीवनसत्त्व काही महिन्यांत संपलेलं असतं.

आमच्याकडच्या गिनी पिग तर भाजीच्या पिशवीचा आवाज आला की पिंजऱ्याच्या जाळीला पाय लावून उभ्या राहून शिट्ट्या मारतात, आणि तो आवाज ऐकून कुणाचंही मन वितळतं, पण त्या शिट्टीवर प्रमाण ठरवायचं नाही.

जुडी घरी आल्यावर

कोथिंबिरीची जुडी घ्या उदाहरण म्हणून. बाहेरून हिरवीगार, ताजी दिसते. सुतळी सोडली की आतला भाग बघा, देठांच्या मधोमध, जिथे हवा लागत नाही, तिथे पानं काळपट होऊन एकमेकांना चिकटलेली असतात, हाताला बुळबुळीत लागतात आणि नाकाला आंबूस वास येतो. पावसाळ्यात तर हे हमखास, कारण विकणारे वरून पाणी मारत राहतात आणि जुड्या ढिगात गरम होतात. आपण ती पानं निवडून टाकतो आणि बाकीची शिजवतो, सशाला मात्र कच्चीच जाणार असते आणि तिथले आंबवणारे जंतू सरळ त्याच्या पोटात. म्हणून सुतळी लगेच सोडायची, एकेक काडी सुटी करायची, सडकी पानंच नाही तर त्यांना चिकटलेल्या काड्याही काढून टाकायच्या. गाजर, मुळा, बीट यांचा पाला घेतला तर त्यात दुसरं काही तण आलेलं नाही ना ते बघायचं.

यात सगळ्यात डोळ्यात तेल घालून बघायचं ते गाजरगवत. पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे तण आता देशभर पसरलंय, त्याची कोवळी पानं गाजराच्या पाल्यासारखीच कातरलेली दिसतात आणि ते माणसाच्या कातडीला आणि दम्याला जेवढं वाईट तेवढंच जनावराच्या पोटाला. मोकळ्या प्लॉटवरून गवत कापून आणत असाल तर हे ओळखता आलंच पाहिजे, पांढरी बारीक फुलं आली की सोपं असतं, कोवळं असताना नीट बघावं लागतं.

धुवायचं साध्या पाण्याने, मोठ्या पातेल्यात बुडवून हाताने हलवून, माती खाली बसली की पाणी बदलून परत, दोन-तीनदा, आणि शेवटी नळाखाली. साबण नको. वर बसलेलं औषध आणि माती याने बरीच जाते, झाडात भिनलेलं जात नाही, त्यामुळे नाल्याच्या पाण्यावर पिकलेली किंवा औषधाचा वास मारणारी भाजी स्वस्त असली तरी घेऊ नका. ओली भाजी दिली की जुलाब होतात हा समज चुकीचा आहे, पाण्याने काही होत नाही, पण ओली भाजी ढिगात ठेवून दिली आणि संध्याकाळी दिली तर नक्की होतं. ठेवायची असेल तर निथळून, सुती फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये, आणि दोन-तीन दिवसांत संपवायची. पिंजऱ्यात उरलेला पाला चार-पाच तासांनी काढून टाकायचा, उन्हाळ्यात त्याच्याही आधी.

काय द्यायचं आणि काय नाही

रोजच्या ताटाचा पाया म्हणून मी कोथिंबीर, लेट्यूस आणि दूर्वा धरते, आणि त्यावर बदलून बदलून मेथी, पुदिना, शेपू, गाजराचा पाला, मुळ्याचा पाला, शेवगा यातलं काहीतरी एक-दोन. मक्याच्या कणसाची हिरवी सालं दोघांनाही फार आवडतात आणि भाजीवाला बहुतेक वेळा फुकट देतो, दाणे मात्र नको. तुळस, जास्वंदीची पानं-फुलं घरच्या कुंडीतली, न फवारलेली, अधूनमधून. आइसबर्ग लेट्यूस विष नाही, पण त्यात पाण्याशिवाय फारसं काही नाही, पैसे वाया. कोबी आणि फ्लॉवर गॅस करतात, काही सशांना थोडं चालतं काहींना एका पानातच पोट फुगतं, तुमच्या जनावराचं बघून ठरवा. हरभऱ्याच्या पाल्यावर आंब असते, ती आंबट आम्लं आहेत, कोवळा पाला चिमूटभर ठीक, भारा नको. गाजर म्हणजे गोड खाऊ, छोटा तुकडा.

प्रमाण म्हणाल तर दोन किलोच्या सशाला दिवसाला दोन वाट्या चिरलेला पाला, दोन वेळात वाटून, आणि एका गिनी पिगला साधारण एक वाटी. त्याच्यावर गवत हवं तेवढं, आणि पेलेट सशाला किलोमागे २०-२५ ग्रॅमच.

पूर्ण बंद म्हणजे बंद, अशा गोष्टी: कांदा, कांद्याची पात, लसूण आणि त्याची पात, यांनी रक्तातल्या लाल पेशी फुटतात. अळू, त्यातल्या सुयांसारख्या स्फटिकांमुळे घसा खाजतो ते आपण शिजवून आणि चिंच घालून घालवतो, कच्च्या अळूत ते जसेच्या तसे, आणि तीच भानगड घरातल्या मनी प्लांटमध्ये, जो खाली लोंबत असतो आणि मोकळ्या सोडलेल्या सशाच्या बरोब्बर तोंडाशी येतो. बटाटा, टोमॅटो, वांगी यांचा पाला. अव्होकॅडो. कण्हेर, रुई, धोतरा, एरंड, घाणेरी, ही कुंपणावरची नेहमीची झाडं, यातलं काहीही. ज्वारीचे कोवळे पोंगे, ज्यात सायनाइड तयार होतं आणि ज्याने गुरंसुद्धा दगावतात हे शेतकऱ्यांना चांगलं माहीत असतं. ससा विषारी पाला आपोआप ओळखतो, खात नाही, असं बरेच जण सांगतात, त्यावर अजिबात विसंबू नका, पिंजऱ्यातला कंटाळलेला ससा वायर पण खातो.

लेंड्या बघायला शिका

भाजी मानवली की नाही हे सांगणारी सगळ्यात खरी गोष्ट लेंड्या आहेत. सशाच्या चांगल्या लेंड्या गोल, सगळ्या साधारण एकाच मापाच्या, कोरड्या, बोटाने दाबलं की भुगा होऊन आतला गवताचा तंतू दिसतो. दिवसाला शेकड्यात. लहान, कडक, काळपट, वाकड्या दिसल्या म्हणजे गवत कमी जातंय किंवा पोटाचा वेग मंदावलाय. केसांनी माळेसारख्या जोडलेल्या दिसल्या तर केस गळायचे दिवस आहेत, विंचरा आणि गवत वाढवा. मऊ चकचकीत लेंड्या पिंजऱ्यात तशाच पडलेल्या, मागच्या केसांना लागलेल्या दिसल्या तर खाणं जास्त भारी होतंय, त्या खायची त्याला गरज वाटत नाहीये किंवा लठ्ठपणामुळे तोंड तिथे पोचत नाहीये, मग आधी पेलेट आणि फळं कमी करा, आणि भाजी नवीन असेल तर ती काही दिवस थांबवा, गवत चालू ठेवा आणि बाकी सगळं साधं करा. लोक याला जुलाब समजतात, हे जुलाब नाहीत.

खरे जुलाब म्हणजे पाण्यासारखी, आकार नसलेली, वास मारणारी विष्ठा, आणि ते दिसले तर सकाळची वाट बघू नका, विशेषतः पिल्लू असेल तर. तसंच सशाने दहा-बारा तास काहीही खाल्लं नाही, लेंड्या थांबल्या, कोपऱ्यात आवळून बसलाय, दात कराकरा वाजवतोय, पोट टणक लागतंय, तर त्याचं आतडं थांबत चाललंय आणि ही इमर्जन्सी आहे. आवडीची कोथिंबीर नाकासमोर धरली आणि त्याने तोंड फिरवलं तर तेवढंच पुरे आहे, निघा. घरातलं माणसाचं औषध देऊ नका, अ‍ॅमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधं तोंडाने दिली तर सीकममधले चांगले जिवाणू मरतात आणि त्याने ससे आणि गिनी पिग दोन्ही दगावतात, म्हणूनच कुत्र्या-मांजरांच्याच सवयीच्या डॉक्टरकडे गेलात तरी हे आधी विचारा, लाजू नका. ससे-गिनी पिग बघणारा डॉक्टर आपल्या शहरात कोण आहे, रात्री फोन उचलतो का, हे प्राणी ठणठणीत असतानाच शोधून नंबर सेव्ह करून ठेवा. आणि जाताना ताज्या लेंड्या एका डबीत, त्याने शेवटी खाल्लेल्या भाजीच्या दोन-चार काड्या पिशवीत, आणि कालपासून काय काय किती दिलं ते कागदावर लिहून घेऊन जा.